हिशोबपट्ट्या, चाळी आणि निर्यातबंदीच्या तारखा: प्रकल्प नोंदी

९ जून २०२५, सोमवार

काम हाती घेतलं. निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीकडे सभासदांच्या कांदाविक्रीच्या २०१९ पासूनच्या हिशोबपट्ट्या (माल विकल्यावर फाडून मिळणाऱ्या पावत्या) आहेत. एकूण २,१२,००० ओळी. सोबत चाळींचं, म्हणजे कांदा साठवायच्या शेडचं, रजिस्टर आहे: कोणत्या सभासदाने चाळ कधी भरली आणि कधी रिकामी केली. अशा ९,००० नोंदी. तिसरा तक्ता अगदी लहान, पण सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो: केंद्राने कांद्याची निर्यात कधी बंद केली, किमान निर्यात दर (ज्याच्या खाली निर्यात करता येत नाही तो भाव) कधी लावला, शुल्क कधी बसवलं.

हवं आहे ते साधं आहे. पट्टी फाटली त्या दिवशी निर्यात चालू होती की बंद? आणि तो कांदा किती दिवस चाळीत राहून बाजारात आला? संचालक काका म्हणाले, "ताई, चाळ धरून बसलो ते बरं केलं की वाईट, एवढं एकदा कागदावर दिसू द्या. दर दिवाळीला आमचा यावरच वाद होतो."

आधी कुणीतरी लिहून दिलेली पायथनची स्क्रिप्ट आहे. ती चालते, उत्तरही देते. पण माझ्या लॅपटॉपवर तिला ५२ मिनिटं लागली. काकांनी एक प्रश्न विचारायचा आणि मी तासाभराने उत्तर द्यायचं, असं काम पुढे सरकत नाही. माणूस दुसरा प्रश्न विचारतच नाही. मला तो दुसरा प्रश्न हवा आहे, म्हणून आधी वेग.

१० जून, मंगळवार

स्क्रिप्ट ओळ न् ओळ वाचली. एक एक पट्टी घ्यायची, तिची तारीख वाचायची, मग चाळींचं अख्खं रजिस्टर वरपासून खालपर्यंत चाळायचं: सभासद तोच आहे का, भरल्याची तारीख आधीची आहे का, रिकामी केल्याची नंतरची आहे का. जी पहिली नोंद जुळेल ती उचलायची आणि पुढच्या पट्टीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. २,१२,००० गुणिले ९,००० म्हणजे १९० कोटी वेळा तपासणी. एका सभासदाच्या चाळी सरासरी सहा-सात, पण त्या शोधायला प्रत्येक वेळी गावातल्या सगळ्यांच्या चाळी उघडून बघायच्या, असा हा प्रकार.

त्याहून जास्त वेळ भलतीकडेच जात होता. रजिस्टरमधल्या तारखा मजकूर म्हणून साठवलेल्या आहेत आणि मजकुराची तारीख करण्याची ओळ लूपच्या, म्हणजे प्रत्येक पट्टीला पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, आत आहे. म्हणजे त्याच ९,००० तारखा २,१२,००० वेळा नव्याने वाचल्या जातात. फक्त २,००० पट्ट्यांवर वेळ मोजला तर तीन चतुर्थांशाहून जास्त वेळ या एकाच ओळीत गेलेला दिसला. ती ओळ लूपच्या वर नेली. बाकी कशाला हात लावला नाही.

५२ मिनिटांवरून ९ मिनिटं.

आज वटपौर्णिमा, कंपनीच्या ऑफिसात पट्ट्या लिहिणाऱ्या ताई सुट्टीवर होत्या. त्यांना विचारायच्या शंका वहीत लिहून ठेवल्या.

१२ जून, गुरुवार

आजचा दिवस तारखांनीच खाल्ला, पण या कामातली सर्वात मोठी चूक आज सापडली.

रजिस्टरसारख्याच पट्ट्यांच्या तारखाही एका झटक्यात वाचाव्यात म्हणून पूर्ण रकाना पँडासला (पायथनमधलं तक्ते हाताळायचं साधन) दिला. त्याने साफ नकार दिला. पहिली तारीख ०२/०१/२०१९. ती त्याने अमेरिकी पद्धतीने, आधी महिना मग दिवस, अशी धरली आणि पुढे १५/०१/२०१९ आल्यावर अडला, कारण पंधरावा महिना नसतो. हा नकार चांगला आहे, तो हवाच होता.

जुनी स्क्रिप्ट मात्र एक एक तारीख सुटी वाचत होती. सुटी वाचली की १५/०१ ला महिना म्हणून १५ बसत नाही, म्हणून तो आपोआप जानेवारीचा १५ वा दिवस होतो. पण ०२/०१ ला काहीच अडत नाही, तो १ फेब्रुवारी होतो. एकाच रकान्यात दोन पद्धती, आणि कुठेही अडथळा नाही. पँडास अशा वेळी सूचना देतं, पण स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत सगळ्या सूचना बंद करून ठेवल्या होत्या.

मग कागदावर मोजलं. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या १२ तारखांना हा धोका. त्यातली दिवस आणि महिना सारखा असलेली एक तारीख बचावते, उरल्या ११. वर्षाला १३२ दिवस. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त दिवसांच्या पट्ट्या भलत्याच महिन्यात जाऊन बसलेल्या.

एक पट्टी समोर ठेवून बघितली. तारीख ०८/१२/२०२३. ८ डिसेंबर २०२३ हा निर्यातबंदी लागू झाल्याचा दिवस. अधिसूचना आदल्या दिवशीची. चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला, ठिकठिकाणी लिलाव बंद पाडले, तो दिवस. जुन्या निकालात हीच पट्टी १२ ऑगस्ट २०२३ ची झालेली आहे. त्या तारखेला बंदी तर नाहीच, ४० टक्के शुल्कसुद्धा लागायला अजून आठवडा होता. बंदीच्या पहिल्या दिवशीचा भाव 'निर्यात खुली' या सदरात जमा झाला होता.

आता तारखेचा नमुना स्पष्ट सांगितला आहे: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. २०२२ पासूनच्या पट्ट्यांवर तारखेपुढे वजनकाट्याची वेळही छापलेली असते, त्यांना वेगळा नमुना. दोन्हींत न बसणाऱ्या तारखा वेगळ्या फाइलीत पडतात. तिथे देवनागरी आकड्यांत टाइप केलेल्या काही निघाल्या, त्या आकडे बदलून घेतल्या.

काकांना लगेच फोन केला. आधीच्या अहवालावरचे आकडे वापरू नका, असं स्पष्ट सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तो अहवाल सभेत वाचलाय. बरोबर झाला की पुन्हा वाचू." हे सांगायला जड गेलं, पण लपवण्यासारखी गोष्ट नव्हती.

१६ जून, सोमवार

धोरणाचा तक्ता नव्याने बांधला. जुन्या तक्त्यात प्रत्येक ओळीला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा होत्या. बघायला नीटस, पण सरकारी 'पर्यंत' टिकत नाही, हे कांद्याइतकं दुसऱ्या कुठल्या पिकाला माहीत असेल असं वाटत नाही. ऑक्टोबर २०२३ अखेर टनाला ८०० डॉलरचा किमान दर लागला, त्याची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत. पण ८ डिसेंबरलाच बंदी आली. तक्त्यात मात्र ८ ते ३१ डिसेंबर या दिवसांना दोन्ही ओळी लागू होत्या. बंदीची मुदत ३१ मार्च २०२४ होती. ती मार्चमध्ये पुढच्या आदेशापर्यंत वाढवली, तक्ता मात्र कुणी दुरुस्त केला नाही. त्यामुळे १ एप्रिल ते ३ मे २०२४ या दिवसांना कुठलीच ओळ लागत नव्हती. उन्हाळ कांद्याची काढणी ऐन भरात असतानाचे दिवस कोरे.

म्हणून 'पर्यंत' काढूनच टाकलं. आता प्रत्येक ओळ म्हणजे एक बदल, आणि त्या दिवसापासूनची पूर्ण स्थिती. पुढचा बदल येईपर्यंत ती लागू. बंदी, किमान दर आणि शुल्क असे तीन वेगळे रकाने, म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी चालू असल्या तरी ओळ एकच. सुरुवातीची खुली स्थिती. १३ सप्टेंबर २०१९, किमान दर ८५० डॉलर. २९ सप्टेंबर २०१९, बंदी. १५ मार्च २०२०, खुली. १४ सप्टेंबर २०२०, बंदी. १ जानेवारी २०२१, खुली. १९ ऑगस्ट २०२३, ४० टक्के शुल्क. २९ ऑक्टोबर, किमान दर ८००. ८ डिसेंबर, बंदी. ४ मे २०२४, बंदी उठली पण किमान दर ५५० आणि ४० टक्के शुल्क दोन्ही. सप्टेंबर २०२४ च्या मध्यावर किमान दराची अट गेली, शुल्क २० टक्के. १ एप्रिल २०२५, शुल्कही गेलं. साडेसहा वर्षांचा सगळा इतिहास बारा ओळींत बसला.

असा तक्ता असला की जुळवणी सोपी होते. पँडासमध्ये 'मर्ज-अ‍ॅझऑफ' नावाची सोय आहे: पट्टीच्या तारखेला किंवा तिच्याआधी लागलेला सर्वात अलीकडचा बदल उचलायचा. ऑफिसातल्या ताईंना हे एका वाक्यात पटलं, कारण एक्सेलमध्ये व्हीलुकअपला शेवटी 'ट्रू' दिलं की तो हेच करतो, आणि तक्ता चढत्या क्रमाने लावलेला नसला की तिथेही उत्तर चुकतं. इथे फरक एवढाच की क्रम नसेल तर पँडास चुकीचं उत्तर देण्याऐवजी थांबतं. धोरणाची जुळवणी आता डोळ्याची पापणी लवायच्या आत होते.

संध्याकाळी काकांशी एका तारखेवर बराच वेळ बोलणं झालं. १४ सप्टेंबर २०२० हा सोमवार, बंदीची बातमी आली संध्याकाळी. त्या दिवशी सकाळी ज्याचा ट्रॅक्टर लिलावात गेला, त्याच्या भावात बंदी नाही. मग ती पट्टी कुठे मोजायची? मला वाटलं कायद्याची तारीख तीच खरी. काका म्हणाले, "कायदा दिल्लीत लागू झाला, आमच्याकडे दुसऱ्या दिवशीच्या लिलावाला लागू झाला." त्यांचं बरोबर आहे. बदलाच्या तक्त्यात दोन तारखा ठेवल्या: कागदावर लागू आणि बाजारात लागू. भावाचा प्रश्न असेल तर जुळवणी दुसरीवर.

१७ जून, मंगळवार

चाळींसाठी एक सोपी वाट करून पाहिली आणि सोडली. सगळ्या पट्ट्या गुणिले सगळ्या चाळी असा एकच मोठा तक्ता करून मग गाळायचा. १९० कोटी ओळी, एका तारखेला ८ बाइट, म्हणजे एकच रकाना १५ जीबीचा. लॅपटॉपला मेमरी ८ जीबी. हा हिशोब आधी करायला हवा होता. मशीन गोठलं, बटण दाबून बंद करावं लागलं.

१९ जून, गुरुवार

दिवसभर पाऊस, दोनदा वीज गेली. तरी आज काम झालं.

चाळींना 'मर्ज-अ‍ॅझऑफ' चालत नाही. ती एकच नोंद उचलते, सर्वात अलीकडे भरलेली. धोरण एका वेळी एकच असतं, चाळी मात्र दोन असतात. एकाने पहिली चाळ १० एप्रिलला भरली, दुसरी २ मे रोजी, आणि दुसरी लवकर रिकामी केली. ऑगस्टमधली पट्टी पहिल्या चाळीची असणार, पण अ‍ॅझऑफ दुसरी उचलतं, तिची मुदत संपलेली बघतं आणि 'जुळलं नाही' म्हणून मोकळं होतं. वेग उत्तम, उत्तर चूक.

तोडगा साधा निघाला. तारखा नंतर, आधी सभासद. पट्ट्या आणि चाळी सभासद क्रमांकावर जोडायच्या. प्रत्येक पट्टीसमोर फक्त त्याच शेतकऱ्याच्या चाळी येतात. १९० कोटींऐवजी १७ लाख ओळी. मग तारखेची चाळणी त्या १७ लाखांवर एकदाच, पूर्ण रकान्यावर, लूप नाही. ४ सेकंद. चाळी एकमेकींवर आल्या तरी दोन्ही सापडतात. सभासद क्रमांकांत एक अडचण होती: एक्सेलने एका फाइलीतली पुढची शून्यं खाल्ली होती, ०४१२ चं ४१२ झालं होतं. दोन्हीकडे चार अंकी मजकूर करून घेतला.

मग तारखा दुरुस्त केलेली जुनी स्क्रिप्ट आणि नवी, दोघींचे निकाल ओळीला ओळ लावून पाहिले. फरक पडलेल्या ओळी मी गाळल्या नाहीत, एक एक गठ्ठा उघडून पाहिला. एका गठ्ठ्याने मला थांबवलं. चाळ रिकामी केल्याची तारीख रजिस्टरमध्ये नुसती तारीख आहे, म्हणजे संगणकासाठी त्या दिवसाची मध्यरात्र, दिवस सुरू व्हायची घडी. पट्टीवर काट्याची वेळ, सकाळी ११ वाजून ४० मिनिटं. ११:४० हे मध्यरात्रीच्या नंतरचं, म्हणून पट्टी चाळीच्या बाहेर. २०२२ पासून प्रत्येक चाळीची शेवटची ट्रॉली जुन्या हिशोबातून गळत होती. आणि शेवटची ट्रॉली म्हणजे सगळ्यात जास्त दिवस साठवलेला कांदा, तळाचा, घट आणि सड सोसून उरलेला. आपल्याला ज्याचं उत्तर हवं तो नेमका तोच माल.

पट्टीची वेळ काढून फक्त दिवस ठेवला. रिकाम्या न झालेल्या चाळींना शेवटची तारीख कोरी होती आणि कोऱ्याशी केलेली आधी-नंतरची कुठलीही तुलना खोटी ठरते, त्यामुळे चालू हंगामाच्या चाळी अजिबात जुळत नव्हत्या. तिथे रजिस्टर उतरवून घेतल्याचा दिवस भरला.

२४ जून, मंगळवार

आज निफाडला गेले. छापलेला निकाल ऑफिसातल्या ताईंपुढे ठेवला. त्या पंधरा वर्षं पट्ट्या लिहीत आहेत. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय आहे? लाल कांदा, चाळीत १९० दिवस?"

५ नोव्हेंबरची पट्टी, लाल. त्याच सभासदाची चाळ २९ एप्रिलला भरलेली, अजून रिकामी व्हायची. तारखेने पट्टी बरोबर त्या चाळीत बसत होती. "लाल कांदा चाळीत कोण ठेवतं? तो शेतातून निघाला की बाजारात. चाळीत असतो तो उन्हाळ." मला हे माहीत होतं. नाशकात राहून कांद्याच्या चाळी लहानपणापासून बघितल्या आहेत. तरी जुळवणी लिहिताना फक्त तारखा डोळ्यांपुढे होत्या. लॅपटॉप तिथेच उघडला, चाळींशी जोडायला फक्त उन्हाळच्या पट्ट्या घेतल्या, लाल कांद्यापुढे 'थेट शेतातून' लिहिलं आणि पुन्हा चालवलं. ताईंचा चहा गार व्हायच्या आत नवी पानं त्यांच्या हातात होती. ५२ मिनिटं लागली असती तर मी ती दुरुस्ती घरी जाऊन केली असती आणि त्यांनी पुढचं पान बघितलं नसतं.

पुढच्या पानावर दुसरा प्रश्न होता: एकाच पट्टीसमोर दोन चाळी. मी विचारलं, आधी भरलेली आधी फोडतात, असं धरू का? ताईंनी दोन-तीन शेतकऱ्यांना तिथेच विचारलं. उत्तर एकच: जिला वास यायला लागला ती आधी फुटते. त्याला तारखेचा नियम नाही. म्हणून आता नियम लावलेला नाही. अशा पट्टीला कमीत कमी दिवस आणि जास्तीत जास्त दिवस असे दोन आकडे, आणि पुढे 'दोन चाळी' अशी खूण. सरासरी काढताना या पट्ट्या वेगळ्या ठेवल्या आहेत.

२७ जून, शुक्रवार

फाइली वाचण्यापासून निकाल लिहिण्यापर्यंत सगळं मिळून ११ सेकंद. त्यातली ४ जुळवणीची, बाकी बहुतेक एक्सेलची फाइल उघडण्याची. यापुढे वेगाच्या मागे लागणार नाही.

ताईंनी गठ्ठ्यातून डोळे मिटून काढलेल्या २०० पट्ट्या हाताने तपासल्या. सूचना बंद करणारी ओळ स्क्रिप्टमधून काढली आहे. ती कुणी परत घालू नये. धोरण बदललं तर तक्त्यात खाली एक ओळ वाढवायची, जुन्या ओळीला हात लावायचा नाही.

दुपारी काका आले आणि दोन तास बसले. २०२० च्या बंदीतले सगळे दाखवा. त्यातले फक्त उन्हाळ. त्यातले चार महिन्यांवर ठेवलेले. आता २०२३ चे तसेच. बरं, आता शुल्काच्या काळातले. मी मोजत होते, सतरा प्रश्न झाले. अठराव्याला त्यांनी स्वतःचा सभासद क्रमांक सांगितला आणि ८ डिसेंबर २०२३ बघायला सांगितलं. एक पट्टी आली: लाल, थेट शेतातून, बंदी. त्यांनी चष्मा वर केला आणि ओळ बोटाने वाचली. "हां. एक गाडी गेली, मग लिलाव बंद पडला. दुसरी गाडी तशीच घरी आणली."

दुसऱ्या गाडीची पट्टी १९ डिसेंबरची निघाली.

उरलेलं काम: पट्टीवर चाळ क्रमांकाचा रकाना हवा. नवं पट्टीबुक जुलैत छापायला जातंय, काकांनी छापखान्याला आजच फोन केला.